पिशवी की पीळ? न्यूक्लिऑनचं मॉडेल निवडताना

जून उजाडला की एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची दोन-तीन मुलं स्टाफरूमच्या दारात उभी राहतात. "सर, प्रोजेक्टला न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, घेतोय. बॅग मॉडेल करू की स्कर्मिऑन?" मी दोन्ही केलीत, कालिन्याला मुंबई विद्यापीठात असताना, आणि मधले पाच महिने असे गेलेत की त्यांचं काही दाखवता येत नाही. त्यामुळे माझ्याकडून अगदी समतोल उत्तराची अपेक्षा ठेवू नका. क्यूसीडी (क्वार्कना बांधणाऱ्या बलाचा सिद्धांत), आयसोस्पिन, कायरल सममिती यांची तोंडओळख झालेली आहे असं धरून लिहितो.

बॅगेची पहिली भेट फार गोड असते. एमआयटीच्या मंडळींनी १९७४ मध्ये मांडलेली ही कल्पना चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगता येते : पोकळीत तीन बिनवस्तुमानाचे क्वार्क, म्हणजे न्यूक्लिऑनचे घटक कण, मोकळे फिरतात, बाहेर पडायची त्यांना मुभा नाही, आणि पोकळी फुगत जाऊ नये म्हणून बाहेरून दाब. सीमेवरची अट लिहिली की टॅन एक्स बरोबर एक्स भागिले (एक वजा एक्स) एवढंच समीकरण हातात राहतं. साध्या कॅल्क्युलेटरवर एक्स २.०४ मिळतो. तिथून थोडं पुढे गेलात की अक्षीय स्थिरांक (न्यूट्रॉनच्या बीटा क्षयात मोजला जाणारा आकडा) १.०९ येतो. प्रयोगातला १.२७ आहे आणि साधं क्वार्क मॉडेल १.६७ सांगतं, म्हणजे कामगिरी चांगलीच म्हणायची. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या मॅग्नेटिक मोमेंटचं गुणोत्तर उणे १.५ येतं; मोजलेलं उणे १.४६ आहे. पहिल्याच आठवड्यात वहीत असे आकडे पडले की मुलं खूश, गाईड खूश.

स्कर्मिऑनशी ओळख व्हायला वेळ लागतो. टोनी स्कर्म यांनी १९६१-६२ च्या सुमारास म्हटलं की क्षेत्र फक्त पायॉनचं, म्हणजे न्यूक्लिऑनमधलं बल वाहणाऱ्या हलक्या कणाचं, धरा. न्यूक्लिऑन म्हणजे त्याच क्षेत्राला पडलेला पीळ. किती वेळा पीळ पडलाय तो पूर्णांक म्हणजेच बॅरिऑन संख्या, सोप्या भाषेत न्यूक्लिऑन किती ते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण इथे शब्दशः लागू पडते : क्षेत्र कसंही ताणा, दाबा, तो पूर्णांक हलत नाही. वीसेक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. मग १९८२ मध्ये बालचंद्रन, नायर, राजीव आणि स्टर्न यांनी ही कल्पना पुन्हा बाहेर काढली, आणि पुढच्याच वर्षी विटेन यांनी ती क्यूसीडीशी कशी जुळते ते दाखवलं.

विषयांतर होतंय, पण मुंबईकराला सांगायलाच हवं. स्कर्म यांचे पणजोबा एडवर्ड रॉबर्ट्स. इंडिया ऑफिससाठी आपल्याकडच्या बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टकं काढणारं दाते-चाकांचं यंत्र १८७९ मध्ये त्यांनी उभं केलं. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीचा इशारा आला की लोक लोकल चालू आहे का ते बघतात, मला उगाचच स्कर्म आठवतात.

आकड्यांत मात्र स्कर्मिऑन मार खातो, ते झाकण्यात अर्थ नाही. अ‍ॅडकिन्स, नॅपी आणि विटेन यांनी १९८३ मध्ये न्यूक्लिऑन आणि डेल्टाचं (त्याच्या जड भावंडाचं) वस्तुमान बरोबर यावं असं मॉडेल बसवलं, तर पायॉनचा क्षय-स्थिरांक, म्हणजे एफ-पाय, १८६ ऐवजी १२९ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ठेवावा लागला आणि अक्षीय स्थिरांक आला ०.६१. म्हणजे जवळपास निम्मा. सेमिनारमध्ये हा आकडा फळ्यावर लिहिलात की मागच्या बाकावरून कुणीतरी हसणार, ही तयारी ठेवा. "यात क्वार्क कुठे आहेत?" हा प्रश्नही ठरलेला.

मग मी इकडे का वळलो? भिंतीमुळे.

बॅगेला भिंत असते, आणि एकटा न्यूक्लिऑन बघताय तोवर ती निमूट उभी असते. तशी पहिली कुरबूर तेव्हाही असतेच : क्वार्क भिंतीवर आपटून परततो तेव्हा त्याची हेलिसिटी (स्पिन गतीच्या दिशेने की उलट) पालटते, म्हणजे कायरल सममिती नेमकी भिंतीवर मोडते. त्यावर उपाय म्हणून पायॉन आणून चिकटवले गेले. ब्राऊन आणि ऱ्हो यांनी १९७९ मध्ये पिशवी लहान करून ते बाहेर ठेवले; नंतर थॉमस, तेबर्ज आणि मिलर यांनी पिशवी मोठीच ठेवून भोवती पायॉनचा ढग दिला. दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत. पण १९८५ च्या आसपास 'चेशायर कॅट' नावाचं तत्त्व पुढे आलं. त्याचा मथितार्थ असा की भिंत कुठेही ठेवा, बाहेरून दिसणारं फारसं बदलू नये. ते वाचलं तेव्हा मनात आलं, मग भिंत हवीच कशाला? आणि पायॉन चिकटवलेल्या त्या कायरल बॅगेची त्रिज्या शून्यावर नेली की शिल्लक राहतो तो स्कर्मिऑनच.

तरीही मी बॅग सोडली नव्हती. माझा विषय होता दोन न्यूक्लिऑनमधलं बल, आणि खरं दुखणं तिथे सुरू झालं. अणुकेंद्रकात दर घन फर्मीला (फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) साधारण ०.१६ न्यूक्लिऑन असतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या केंद्रांत सरासरी १.८ फर्मीचं अंतर. बॅगेची त्रिज्या एक फर्मी धरली तर व्यास दोन. म्हणजे साध्या, शांत केंद्रकातही पिशव्या एकमेकींत घुसलेल्याच, सकाळी पावणेनऊच्या लोकलच्या डब्यासारख्या. दोन गोल जवळ आणले की त्यांची भुईमुगाची शेंग होते, आणखी आणले की एकच गोळा. शेंगेच्या मधल्या मानेपाशी माझा प्रोग्राम अडायचा. तिथे पृष्ठभाग इतका चटकन वळतो की सीमेची अट लावायची कुठल्या दिशेला हेच कळेना. अडकून पडण्यापेक्षा मी मानेची जाडी हाताने ठरवायला लागलो. जाड घेतली की आकर्षण यायचं, बारीक घेतली की जायचं. गाईडना दाखवलं तर ते शांतपणे म्हणाले, "थोडी जाड घे ना मग." त्या संध्याकाळी सांताक्रूझच्या पुलावर उभा राहून मी ठरवलं की निसर्गातलं बल माझ्या मर्जीवर ठरत असेल तर हे आपलं काम नव्हे. माझ्यापेक्षा हुशार माणसांनी ही गणितं नीट केलेली आहेत, हेही सांगायला हवं. मला जमलं नाही इतकंच.

स्कर्मिऑनमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही. दोन्ही न्यूक्लिऑन एकाच क्षेत्रातले, त्यामुळे एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे विचारायची गरज नाही. लांबवर पायॉनची शेपटी आपोआप येते आणि तिच्याबरोबर युकावांचं १९३५ चं, कणाच्या देवाणघेवाणीतून येणारं बल. एकट्या स्कर्मिऑनचं समीकरणही वाटतं तेवढं अवघड नाही : पिळाचा कोन केंद्रापाशी पाय (π), अनंतावर शून्य, सुरुवातीचा उतार तुम्ही शोधायचा. मी तो हार्बरच्या गाडीत, वाशीला बसायला जागा मिळाल्यावर शोधला. उतार २ ठेवला तर वक्र शून्याजवळ येऊन परत वर वळायचा, २.०१ ठेवला तर शून्याखाली घसरायचा. खारघर येईपर्यंत २.००७५ वर तो आडवा झाला.

मग दोघांना जवळ आणून ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत सोडून दिलं की जे तयार होतं ते बघण्यासारखं असतं. मेदूवडा! मधे भोक असलेलं कडं. याच आकाराला क्वांटम नियम लावून ब्राटेन आणि कार्सन यांनी १९८८ मध्ये ड्युटेरॉनचे (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन असलेल्या केंद्रकाचे) गुण मिळवले. बांधणीची ऊर्जा मात्र अवास्तव येते : क्वांटम दुरुस्त्यांआधी सत्तरेक एमईव्ही, खरी २.२२. मधल्या अंतरावरचं आकर्षणही सोप्या पद्धतीने, म्हणजे दोन क्षेत्रांचा नुसता गुणाकार करून, मिळत नाही. पण आकाराबाबत एक गोष्ट मला सोडत नाही. आपले विजय पांढरीपांडे, टीआयएफआरमधून इलिनॉयला गेलेले, यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९६ मध्ये ड्युटेरॉनची घनता काढली. वापरलं होतं विखुरणाच्या, म्हणजे न्यूक्लिऑन एकमेकांवर आदळवण्याच्या, हजारो मोजमापांवर बसवलेलं आर्गॉन बल (अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेच्या नावाचं, वायूशी संबंध नाही). त्यात स्कर्मचा काही संबंध नाही. स्पिनचा प्रक्षेप शून्य असलेल्या अवस्थेत त्यांनाही कडंच दिसलं, साधारण एक फर्मी व्यासाचं.

प्रोटॉनच्या स्पिनचंही तसंच. क्वार्कचा वाटा बॅग सुमारे ६५ टक्के सांगते. १९८८ मध्ये युरोपियन म्युऑन गटाने तो फारच कमी असल्याचं दाखवलं. स्कर्मिऑन प्राथमिक हिशेबात शून्य म्हणतो. आज तो ३० टक्क्यांच्या आसपास मानतात, म्हणजे कुणीच पूर्ण बरोबर नाही. तरी त्या काळी कुणाला जास्त घाम फुटला असेल, ते तुम्हीच ठरवा.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये खोल अप्रत्यास्थ विखुरण (प्रोटॉन फोडून आतले क्वार्क बघणं), क्वार्कची वाटणी असलं काही असेल तर बॅगच घ्या, उगाच हट्ट नको. कॅल्शियमची बंधनऊर्जा वगैरे काढायची असेल तर दोन्ही ठेवा बाजूला. आर्गॉन बल किंवा वाइनबर्ग यांनी १९९० मध्ये सुरू केलेला कायरल मार्ग धरा. पण एक न्यूक्लिऑन आणि त्याचा शेजारी एकाच वहीत मावावेत अशी इच्छा असेल, तर मला वाटतं पीळ बरा.

आणि घेतलात तर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, एफ-पाय १८६ वाला की ९३ वाला. निम्मे पेपर एक वापरतात, उरलेले दुसरा. मी लिहिलं नव्हतं. एक अख्खी दिवाळी त्या दोनाच्या गुणकात गेली.