नुकसानभरपाईची ई-केवायसी: मुरबाड एसटी स्टँडजवळचं सेवा केंद्र

दिवाळीनंतरच्या पावसात आमचा कापून ठेवलेला भात शेतातच भिजला, लोंब्यांना मोड आले. पंचनामा झाला, तलाठी कार्यालयातल्या यादीत आईचा विशिष्ट क्रमांक आला. पण ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवल्याशिवाय आमचे पैसे सुटत नव्हते.

पहिल्या केंद्रात आईचा अंगठा मशीनवर उमटेना. चाळीस वर्षं लावणी केलेले हात, रेषा उरतील कुठून? "उद्या या," म्हणाले. तीनदा गेलो.

मग एसटी स्टँडजवळच्या या केंद्रात आलो. इथल्या ताईंनी आधी आईला बसायला खुर्ची दिली. आधारला माझा मोबाईल जोडलाय का, विचारलं आणि ओटीपीवर काम केलं. क्षेत्र, गट नंबर, खातं मोठ्याने वाचून दाखवलं, मगच सहमती घेतली. पावती दिली, पैसा घेतला नाही.

तेव्हा कोरडवाहूला भरपाई होती हेक्टरी ८,५०० रुपये, तेही ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच. आमच्या चाळीस गुंठ्यांचे ३,४०० आले. बियाणं, खत, मजुरी यात कुठे भागते? तो राग या ताईंवर नाही. आधार जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हे मात्र आधी बघून जा. सोमवार टाळा, गर्दी असते.