मामांच्या डार्थ व्हेडरचा झगा बदलला गेला, त्याची गोष्ट

झग्याला भोक नव्हतं. तेवढ्यावरून मला कळलं की घरात परत आलेली वस्तू आपली नाही.

हे भोक माझ्याच हातून पडलेलं. १९८२ च्या गणपतीत आम्ही भावंडांनी आरास केली होती. कापसाचा बर्फ, पुठ्ठ्याचा डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याशी पहारेकरी म्हणून काळा डार्थ व्हेडर, म्हणजे स्टार वॉर्स या इंग्रजी सिनेमातल्या खलनायकाची बाहुली. उदबत्ती वाकून तिचं टोक त्याच्या झग्याला लागलं. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून बोटभर वर, टाचणीच्या डोक्याएवढं भोक. कडा वितळून कडक झालेली. त्यावरून बोट फिरवलं की ती कडा जाणवायची. चाळीस वर्षं मी त्या जागेवरून बोट फिरवत आलो आहे.

बाहुली आणली होती मामांनी. त्यांच्या वडिलांचं आयुष्य सोलापूरच्या गिरणीत गेलं, आणि मामा गेले लेस्टरला, होजिअरीच्या कारखान्यात. १९८० साली सुट्टीवर आले तेव्हा सगळ्यांना स्वेटर आणि मला हा व्हेडर. स्टार वॉर्सच्या या बाहुल्या मुळात अमेरिकेतल्या केनर कंपनीच्या. इंग्लंडमध्ये त्या पॅलिटॉय विकायची, आणि ती कंपनी लेस्टरजवळच्याच कोलव्हिल गावातली. बाहुली जेमतेम सव्वाचार इंचांची. अंगावर काळा प्लास्टिकचा झगा आणि उजव्या हातातून सरकत बाहेर येणारी लाल तलवार. तिला लाइटसेबर म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. घरात तिला लाल कांडीच म्हणत.

मामा चार वर्षांपूर्वी गेले. मामी बाळीवेशीत एकट्या राहतात. गुडघ्यांनी त्या बेजार आहेत आणि ऑपरेशन पैशांपायी लांबत चाललेलं. अशात भाच्याने सांगितलं की जुनी नाणी, नोटा, खेळणी तपासून किंमत सांगणारा एक माणूस गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात येतोय, स्टेशनजवळच्या लॉजवर उतरणार आहे. माझ्या मनात आलं, मामांची वस्तू मामींच्या कामी आली तर यापरीस काय हवं? व्हेडरला टॉवेलात गुंडाळला आणि गेलो.

खोलीत माझ्याआधी तिघं बसले होते. एका आजींच्या मांडीवर चांदीच्या रुपयांची पुरचुंडी होती. माणूस बोलायला अतिशय गोड. "काका, निवांत बसा, चहा घ्या." डोळ्याला भिंग लावून त्याने बाहुली उलटी केली आणि पायाच्या मागचा बारीक ठसा मोठ्याने वाचला, "जी.एम.एफ.जी.आय., १९७७, हाँगकाँग. काका, हा पहिल्या वर्षीचा माल आहे!" ठसा खरा होता. मला तो तोवर कधी दिसलाही नव्हता. साहजिकच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

मग त्याने तलवार सरकवून पाहिली आणि एकदम गंभीर झाला. म्हणाला, ही दुहेरी सरकणारी दिसते, अशा जगात मोजक्याच आहेत, आतल्या खोलीत यूव्ही लाइटखाली बघावी लागेल, पाच मिनिटं द्या. मी दिली. पाचाची वीस मिनिटं झाली. तो आला तो बाहुली आणि लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊनच. सोनेरी शिक्का, खाली किंमत ४,२०,००० रुपये. तपासणीची फी २,५०० रुपये. मी त्या आकड्याकडे बघत राहिलो. बाहुलीकडे पाहिलंच नाही. तशीच टॉवेलात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात ठेवली.

आठ दिवसांनी फोन आला. मुंबईचा गिऱ्हाईक तयार आहे, पण त्याला अमेरिकेतून ग्रेडिंग करून हवंय. अशा बाहुल्यांचं ग्रेडिंग खरोखर होतं. वस्तू तपासून, गुण देऊन पारदर्शक ॲक्रिलिकच्या डबीत कायमची बंद करतात. त्याने सांगितलं की खर्च १८,००० रुपये, तो आधी मालकाने भरायचा. मी यूपीआयने पाठवले. मामींना फोन करून सांगितलंसुद्धा की आता काळजी करू नका. तो फोन मी केला नसता तर फार बरं झालं असतं.

कुरिअरने पाठवायच्या आदल्या रात्री पुसून घ्यावी म्हणून बाहुली हातात घेतली. बोट सवयीने झग्याच्या कोपऱ्याशी गेलं. गुळगुळीत. उजवा कोपरा पाहिला, आतून पाहिलं, दिव्यासमोर धरलं. कुठेच काही नाही. मग तलवार सरकवली. आमची कांडी इतकी घट्ट होती की नख रोवल्याशिवाय हलायची नाही. ही अंगठ्याच्या हलक्या धक्क्याने सर्रकन बाहेर आली. त्याला फोन लावला. भोकाचा विषय निघताच त्याने फोन कापला. त्यानंतर नंबर बंद.

भाच्याच्या ओळखीने पुण्यातल्या एका जाणत्या संग्राहकांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. त्यांनी जे समजावलं ते नीट लिहितो, कारण हे मला आधी माहीत असतं तर मी त्या खोलीत वीस मिनिटं चहा पीत बसलो नसतो.

बाहुलीचं अंग आमचंच, अस्सल. बदलले झगा आणि तलवार. ठसा असतो तो अंगावर. झगा, तलवार, बंदूक अशा सुट्या भागांवर तसला ठसा नसतो, आणि हुबेहूब नकली भाग सर्रास मिळतात. येणारा प्रत्येकजण पायामागचा ठसा तपासतो आणि निर्धास्त होतो. चोराला नेमकं तेच हवं असतं. मुलांच्या हाताळण्यात तलवारीचं बारीक टोक हमखास मोडायचं, झगे हरवायचे. म्हणून टोक शाबूत असलेली अस्सल तलवार आणि अस्सल झगा यांना मागणी असते. हे भाग काढून दुसऱ्या एखाद्या उघड्याबोडक्या बाहुलीवर चढवले की तिची किंमत वाढते.

१९७७ चा ठसाही पहिल्या वर्षीच्या मालाचा पुरावा नाही. ते कॉपीराइटच्या हक्काचं साल आहे, उत्पादनाचं नव्हे. जी.एम.एफ.जी.आय. ही केनरच्या मालक कंपनीची आद्याक्षरं. सिनेमा २५ मे १९७७ ला आला तेव्हा केनरकडे बाहुल्या तयारच नव्हत्या. त्या नाताळात कंपनीने मुलांना विकलं ते पुठ्ठ्याचं पाकीट आणि आत एक प्रमाणपत्र, की बाहुल्या पुढच्या वर्षी टपालाने येतील. आणि १९७८ मध्ये त्या आल्या. पुढे कित्येक वर्षं हाच व्हेडर निघत राहिला, पायामागे १९७७ च.

दुहेरी सरकणारी तलवार ही गोष्ट खरी आहे. अगदी सुरुवातीच्या काही व्हेडरच्या, आणि ल्यूक व बेन केनोबी या त्याच सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्यांच्या तलवारीतून आणखी एक बारीक काडी बाहेर सरकायची. नंतर ती बंद करून जाड दांडा आणि त्याचं निमुळतं टोक असा एकसंध तुकडा केला. मी आठवणीने आमच्या कांडीचं वर्णन केल्यावर ते लगेच म्हणाले, "तुमची साधीच होती. पण पूर्ण होती." साध्या, पाकिटाबाहेरच्या, खेळलेल्या व्हेडरची किंमत हजारांत असते. तो भरपूर खपला होता, लाखात जायचं कारणच नाही. त्या माणसाने एका हाताने लाखाचं स्वप्न दाखवलं आणि दुसऱ्या हाताने हजारांची वस्तू काढून घेतली.

अस्सल भागांतूनही खोटी वस्तू कशी बनते, याचं उदाहरण त्यांनीच दिलं, ‘जावा’ या स्टार वॉर्समधल्याच पात्राचं. ही बुटकी बाहुली आधी प्लास्टिकच्या झग्यात आली. इतरांएवढ्याच किमतीत ती फारच गरीब दिसते म्हणून कंपनीने लवकरच तिला कापडी झगा घातला. त्यामुळे प्लास्टिकच्या झग्याची जावा दुर्मीळ झाली. मग लोकांनी बेन केनोबीचा प्लास्टिकचा झगा कापून तिला चढवायला आणि खपवायला सुरुवात केली. प्लास्टिक अस्सल, काळ तोच, आणि तरी वस्तू खोटी!

तेव्हा कुणाकडे अशी वस्तू असेल तर दाखवायला नेण्याआधी प्रत्येक सुट्या भागाचे जवळून फोटो काढा. ओरखडे, डाग, भोकं, सगळं. माझ्याकडे भोकाचा एकही फोटो नाही, फक्त बोटाची आठवण आहे, आणि तक्रारीत तिला वजन नाही. तपासणी डोळ्यांसमोरच करायला सांगा. दुसरी खोली म्हटलं की वस्तू उचला आणि निघा. ग्रेडिंग करायचंच असेल तर त्या संस्थेशी स्वतः व्यवहार करा. मधल्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेपोटी नऊ दिवस घरात कुणाशी बोललो नाही. तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. आता पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. मामींना खरं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी ते तुला खेळायला आणलं होतं रे."

मला त्या आजींचं राहून राहून वाटतं. पुरचुंडीतले रुपये त्यांनी परत मोजून घेतले असतील का? त्या दिवशी त्या लॉजवर गेलेल्या कुणी हे वाचलं तर आपली वस्तू आज पुन्हा एकदा नीट पाहा आणि तक्रार द्यायला माझ्याबरोबर या.

आणि जुन्या बाहुल्या घेणाऱ्यांना एक विनंती. कुणी व्हेडरचा काळा झगा विकायला आणला तर खालचा डावा कोपरा दिव्यासमोर धरून बघा. बोटभर वर टाचणीएवढं भोक आणि त्याची कडा कडक लागली, तर तो आमचा आहे. मला कळवा.