आजेसासूबाईंचं सिंगर शिवणमशीन, आठ महिने वापरून: तक्रार मशीनबद्दल नाही, पट्ट्याबद्दल

रविवारी दुपारी लाइट गेलेली, बाहेर धो धो पाऊस, ह्यांच्या पँटची खालची दुमड अर्ध्यावर आलेली, आणि पट्टा तुटला. आठ महिन्यांतला हा चौथा. पाय नुसताच खालीवर होतोय, मशीन गप्प. तेव्हाच ठरवलं की आता लिहायचंच.

जुनं पायमशीन पडवीत पडलंय, चालू करावं का, असं बरेच जण विचारतात. मशीन कसं असतं ते सांगत बसत नाही, आईकडे किंवा आत्याकडे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. आमचं सिंगरच्या ‘15’ नंबरच्या जातीचं, काळं, लोखंडी जाळीच्या स्टँडवर. मशीनवर कोरलेला नंबर इंग्रजी वाय (Y) अक्षरानं सुरू होतो, म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, वीस-तीसच्या दशकातलं. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव मात्र अजून सिंगरच आहे. आपल्याकडे ही मशीनं हप्त्यावर विकली जायची आणि मुंबईचे पारशी नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी तो धंदा हिंदुस्थानभर वाढवला. आमचं हप्त्यावर आलं की रोखीनं, यावर घरात दोन मतं आहेत.

आधी चांगलं सांगते, ते पटकन संपतं. पुढे आपल्याकडे जी काळी घरगुती मशीनं निघाली त्यांतली बहुतेक ह्याच रचनेची, त्यामुळे बॉबीन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), तिची डबी म्हणजे बॉबीन केस, सुई सगळं रत्नागिरीच्या बाजारात मिळतं. बॉबीन पाच रुपयांना. सुई तेवढी चपट्या दांडीची घरगुती मागून घ्या. मला एकदा दुकानदारानं कारखान्यातल्या मशीनची गोल दांडीची दिली आणि मी अर्धा तास ती बसवत बसले. सुती कापडाला 14 किंवा 16 नंबर, जीन्सला 18. टाका असा एकसारखा पडतो की गोधडीचे पाच थर घातले तरी आवाज बदलत नाही. उलटी टीप नाही. शेवटाला कापड फिरवून परत दोन-चार टाके मारायचे, सवय होते.

आता पट्टा.

साधारण पाच मिलिमीटर जाडीची चामड्याची वादी. खालच्या मोठ्या चाकावरून निघून टेबलाच्या दोन भोकांतून वर येते आणि हातचाकावरून परत खाली जाते. विकत मिळते ती लांब असते, आपण मापानं कापायची, दोन्ही टोकांना दाभणानं भोक पाडायचं, त्यात तारेची क्लिप घालून पकडीनं दाबायची. ऐकायला दोन मिनिटांचं काम. पहिला पट्टा 60 रुपयांचा, नोव्हेंबरात घेतला. पंधरा दिवसांत ताणला. अर्धा सेंटीमीटर कापला, परत भोक, परत क्लिप. परत ताणला. पाय मारावा तर पट्टा चाकावरून घसरतोय, चाक जागेवर. जानेवारीत तो भोकापाशीच फाटला. दुसरा 80 चा, तो टेबलाच्या भोकाला घासून सुटला. तिसरा दुकानदारानं ‘एक नंबर माल’ म्हणून 110 ला दिला. जूनमध्ये त्यावर बुरशी आली, कोपऱ्यात टाकलेल्या चपलेवर येते तशी, हिरवट. चौथा रविवारी गेला. आणि ह्या सगळ्यांत ती क्लिप! मऊ तारेची, दोन रुपयांची, प्रत्येक फेऱ्याला हातचाकावरून जाताना टक् करते. एकदा कानाला तो टक् लागला की शिवण राहते बाजूला, माणूस टक् मोजत बसतो. मी मोजले आहेत. एका उशीच्या अभ्र्याला दोनशेच्या वर.

मे महिन्यात कारागीर बोलावला होता. यायचे 350 रुपये, ते आधी. आल्यावर पट्टा इतका आवळला की पायटा दाबताना गुडघ्याला कळ यायला लागली, आणि वर म्हणतो, “वहिनी, मोटर बसवून टाका, अठराशेत होईल.” मी म्हटलं, लाइट गेल्यावर तुमची मोटर काय करणार? तर म्हणे, मग वरचं मशीन भंगारात घाला आणि स्टँड मला द्या, कॅफेवाले ग्रॅनाइट टाकून टेबल करतात, चांगले पैसे येतील. 350 रुपये देऊन घरातली वस्तू मोडायचा सल्ला ऐकला. तेव्हापासून माझा राग पट्टा अधिक कारागीर असा एकत्र झालेला आहे.

तर वरचं सगळं रविवारी रात्री लिहिलं. शेवटाला ‘मशीनला दहापैकी नऊ, पट्ट्याला शून्य’ असं लिहून ठेवलं होतं. आज बुधवार, आणि ते शून्य मला खोडावं लागतंय.

झालं असं की सोमवारी नवा पट्टा लावण्याआधी सहज हातचाक फिरवून पाहिलं. पट्टा नाही, त्यामुळे चाक हलकं लागायला हवं. लागलं नाही. अर्धा फेरा बरा, मग एका जागी अडतंय, जोर लावला की सुटतंय. मग चाकाच्या मधोमधची चकती, बॉबीन भरताना आपण सैल करतो ती, सैल केली आणि फिरवलं. चाक भिंगरीसारखं फिरलं. म्हणजे चाक ठीक, खालचा पायटा तर निर्दोषच, जड आहे ते आतलं यंत्र. ह्या जडपणाशी भांडून पट्टे घसरत होते, मी ते आवळत होते, आवळले की तुटत होते.

सासूबाईंनी हे नोव्हेंबरातच सांगितलं होतं. “अगो, पट्ट्यास काय दोष देतेस, मशीनच जड झालंय.” मी म्हटलं, आई, मी तेल घातलंय की. घातलं होतंच, वरच्या भोकांत. पण डावीकडची झाकणपट्टी काढल्यावर आत जे दिसलं ते तेल नव्हतं, काकवी होती. सुईच्या दांडीवर पिवळट, चिकट, वाळलेली काकवी. विचारलं तर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, आम्ही खोबरेलच घालायचो, तेच घरात असायचं. आता ह्यावर सुनेनं काय बोलावं! खोबरेल, गोडंतेल, स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल काळानं वाळून डिंकासारखं होतं. शिवणमशीनचं पातळ पांढरं तेलच घाला, बाटली फार तर 50 रुपयांना मिळते.

मग बॉबीन केस काढली, मागचं कडं सोडवलं, दोरा पकडणारा अर्धचंद्रासारखा हुक बाहेर घेतला. (हा हुक पूर्ण गोल फिरत नाही, मागेपुढे झुलतो. बसवताना तोंड कुठल्या बाजूला होतं त्याचा आधीच फोटो काढून ठेवा.) त्याच्या खोबणीत लाल दोऱ्याचा तुकडा, बोटभर, चेपून चेपून वाखासारखा झालेला. अडत होतं ते इथे. मी आठ महिन्यांत लाल काही शिवलेलं नाही. “वन्संच्या परकराचा असेल,” सासूबाई म्हणाल्या. वन्सं यंदा साठ पूर्ण करतायत.

काकवीवर रॉकेल. रेशनवर आता मिळत नाही, मिरकरवाडा बंदरातल्या एका ओळखीच्यांकडून बाटलीभर आणलं. थेंब थेंब सोडायचं, चाक फिरवायचं, पुसायचं, परत सोडायचं. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी पांढरं तेल घातलं आणि हातानंच चाक फिरवत जुन्या टॉवेलवर टीप मारत राहिले, टीपेवर काळे डाग यायचे थांबेपर्यंत. उत्साहाच्या भरात चकतीही पूर्ण सोडली आणि आतली तीन शिंगांची वॉशर उलटी बसवली. मग चकती कितीही आवळा, चाक फिरतं, सुई ढिम्म. पुन्हा उघडून वॉशर फिरवून घातली.

एक चूक मात्र भरून येणार नाही. नोव्हेंबरात मशीन चमकवायला सॅनिटायझर लावला होता. त्यावरची सोनेरी वेलबुट्टी लाखेच्या पातळ थराखाली असते आणि स्पिरिटनं लाख विरघळते. पुढच्या बाजूचं नाव आता फक्त ‘गर’ एवढंच वाचता येतं. ओलं फडकं, नाहीतर मशीनचंच तेल. दुसरं काही लावू नका.

काल रात्री रविवारचाच तुटका पट्टा परत जोडला. दुकानातली क्लिप नको म्हणून सासूबाईंच्या अंबाड्याचा आकडा दुहेरी करून वापरला, तार कडक असते. मुद्दाम सैलच ठेवला. पट्टा घसरला नाही. पँटची दुमड झाली, शेजारच्या बाळाचं दुपटं झालं, पायटा नुसता अंगठ्याच्या जोरावर चालतोय. म्हणजे आधीचे तिघे बिचारे बरेचसे फुकटच गेले. बुरशी आलेला तो आलाच, त्याचं मी मागे घेत नाही. पावसाळ्यात काम झालं की पट्टा चाकावरून उतरवून ठेवा, कडुनिंबाची पानं असलेल्या डब्यात. दुकानच्या क्लिपला शून्यच.

सोमवारी सकाळी आणलेला पाचवा पट्टा, 110 चा, वेष्टनातच होता. आज परत द्यायला गेले. दुकानदार म्हणाला, पट्टा परत घेत नाही, हवं तर बदल्यात क्लिपा न्या.