वेवेत दहा महिने: तळं, ट्रेन, खर्च आणि तळघरातली धुण्याची पाळी

गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी तळघरात गेले तर धुण्याचं मशीन बंद, दार लॉक, आत दोन डबल बेडशीट आणि नवऱ्याचे ऑफिसचे सगळे शर्ट पाण्यात बुडालेले आणि आमची धुण्याची पुढची पाळी थेट पुढच्या आठवड्यात. त्यानंतर जे काही झालं त्यामुळे आज हे लिहायला बसलेय. नाशिकहून रोज कोणी ना कोणी विचारतं, कसं वाटतंय तिकडे स्वित्झर्लंडला, फोटो पाठव. फोटो भरपूर पाठवलेत, आता राहून बघितल्यावरचा अनुभव लिहिते.

जिनिव्हा तळ्याची माहिती सगळ्यांनी वाचलेली असते, 73 किलोमीटर लांब, समोर फ्रान्स, डोंगरावर बर्फ, ते सगळं खरंच तसंच आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नवऱ्याला कंपनीने एक वर्षासाठी लोझानला पाठवलं, तिथली भाडी परवडेनात म्हणून आम्ही ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांवर वेवेला घर घेतलं, मी बिनपगारी रजेवर, म्हणजे एका पगारात सगळं भागवायचं आणि एक फ्रँक म्हणजे शंभरेक रुपये हा हिशोब डोक्यातून जात नाही. फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बाल्कनीतून तळ्याचा एक तुकडा दिसला आणि मी लगेच हो म्हणून टाकलं. तळघर बघितलंच नाही. तिथे चुकलं.

इथे जुन्या बिल्डिंगमध्ये घरात वॉशिंग मशीन नसते. तळघरात ब्युआँद्री असते, धुण्याची खोली, तिथे सगळ्यांत मिळून एक मशीन, एक ड्रायर, शेजारच्या खोलीत वाळत घालायच्या दोऱ्या आणि भिंतीवर पाळीचा तक्ता. आमच्याकडे बारा घरं, रविवारी धुणं बंद, म्हणजे पंधरा दिवसांत एकदा पाळी येणार. आदल्या संध्याकाळी मागच्या घरातून किल्ली आणायची, दिवसभरात सगळं उरकायचं, मग ड्रायरच्या जाळीतला लिंट काढायचा, मशीनच्या दाराचं रबर आतून पुसायचं, फरशी पुसायची आणि किल्ली पुढच्या घरी द्यायची. पहिल्याच पाळीला मी जाळी साफ करायची विसरले तर दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात, खाली 'मेर्सी', म्हणजे धन्यवाद. कोणी ओरडलं असतं तर एवढं लागलं नसतं. बाल्कनीत वाळत घालावं तर आमच्या बिल्डिंगचा नियम की कपडे कठड्याच्या वर दिसता कामा नयेत, म्हणून बुटकं स्टँड आणावं लागलं. घरी आई सकाळी आठला धुणं गच्चीत टाकते आणि अकराला घडी करते, तिला हे फोनवर सांगितलं तर तिला पटेचना.

पहिले दोन महिने मी या पाळीवर भयंकर वैतागलेली होते. अंडरवेअर मोजून ठेवायच्या, टॉवेल तीन दिवस चालवायचे, पाहुणे आले तर चादरींचं काय करायचं. बाहेरच्या लाँड्रीत एकदा गेलो, धुणं-वाळवणं धरून सतरा फ्रँक गेले, परत गेलो नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते कारण त्यात फार त्रास नाही. आल्यावर चौदा दिवसांत कम्यूनमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणी करायची, ती वीस मिनिटांत झाली. आरोग्यविमा घ्यायला तीन महिने मिळतात, पण घेतला की आल्या दिवसापासूनचा हप्ता लागतो, त्यामुळे थांबून एक पैसा वाचत नाही. आम्ही दोघांनी 2500 ची फ्रँचाइझ घेतली, तेवढा खर्च आधी आपल्या खिशातून, पण हप्ता कमी बसतो. नवऱ्याचा अपघाताचा विमा कंपनीकडून आहे म्हणून त्याच्या पॉलिसीतून तो भाग काढून टाकता आला, माझ्या नाही, कारण मी नोकरी करत नाही. हे कोणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. रेडिओ-टीव्हीची फी घरटी वर्षाला 335 फ्रँक, घरात टीव्ही नसला तरी भरायचीच. कचऱ्याला ठरावीक पांढऱ्या पिशव्या, 35 लिटरची एक साधारण दोन फ्रँकला, म्हणून काच, प्लॅस्टिकच्या (पेट) बाटल्या, कागद, ओला कचरा इतका बारकाईने वेगळा करायला लागलो की एक पिशवी दहा-बारा दिवस पुरते. देमी-तारिफ, म्हणजे ट्रेनच्या अर्ध्या तिकिटाचं कार्ड, पहिल्या वर्षाला 190 फ्रँक, ते मात्र डोळे झाकून घ्या, आमचं तीन महिन्यांत वसूल झालं.

बाजार मंगळवारी आणि शनिवारी, तळ्याला लागूनच. मी ॲपवर पॅरिसची फ्रेंच शिकून आले होते, तिथे नव्वदला 'चार वीस आणि दहा' म्हणतात. इथे कोथिंबीर विकणारी बाई सरळ 'नोनाँत' म्हणाली, सत्तरला 'सेप्ताँत', ऐंशीला 'ह्युइताँत'. आपल्या सत्तर-ऐंशी-नव्वदसारखं सुटसुटीत, त्या दिवसापासून सुट्टे पैसे मोजताना मी अडखळत नाही. कोथिंबिरीची जुडी मात्र मुठीएवढी आणि दोन फ्रँकच्या वर, त्यामुळे आता खिडकीत धणे पेरलेत.

आता तिसऱ्या-चौथ्या महिन्याचं. नोव्हेंबरमध्ये तळ्यावर धुक्याचं झाकण बसतं. पाऊस नाही, थंडीही फार नाही, फक्त करडं, दिवसेंदिवस. समोरचे डोंगर गायब, पलीकडचा काठ गायब. बाल्कनीतले कपडे तीन दिवसांनीही दमट, पँटच्या खिशांना कुबट वास. मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. त्यांनी मला जिन्यात ओली बादली घेऊन चढताना बघितलं, हाताला धरून परत खाली नेलं आणि वाळत घालायच्या खोलीतल्या कोपऱ्यात एक मशीन दाखवलं, हवेतला दमटपणा ओढून घेणारं. मी तोवर तो बंद पडलेला हीटर समजत होते! दोन खिडक्या घट्ट लावायच्या, हे चालू करायचं, चादर दोरीवर दुहेरी न टाकता एकेरी टाकायची आणि दोन कपड्यांत चार बोटं जागा सोडायची. संध्याकाळपर्यंत जीन्ससुद्धा खडखडीत. वर त्या म्हणाल्या, मला एकटीला किती धुणं असणार, माझ्या शुक्रवारची दुपार तू घे. शुक्रवारची त्यांची पाळी आमच्या दुसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे आम्हाला आठवड्याला एकदा मिळायला लागली. तेव्हा मी या पद्धतीबद्दलचं मत बदललं. मी त्यांना मादाम म्हणते, शुक्रवारी वर जाताना डब्यात काहीतरी देते, थालीपीठ त्यांना फार आवडलं.

धुक्यावरचा उपायही त्यांनीच सांगितला, वर जा. वेवे स्टेशनवरून ब्लोनेमार्गे दातेरी रुळांची छोटी ट्रेन ले प्लेयादला जाते, साधारण 1360 मीटर उंचीवर. ब्लोनेपर्यंत काही दिसत नव्हतं, मग झाडं एकदम पांढरीशुभ्र, मग खिडकीत असं ऊन आलं की डब्यातले सगळे गप्प झाले. खाली तळ्याच्या जागी ढगांचा सपाट समुद्र, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि समोर दाँ द्यु मिदीचे सुळके. मी जाकीट काढून बाकावर तासभर बसले. नोव्हेंबर ते जानेवारी आम्ही आठ वेळा गेलो, अर्ध्या तिकिटात. या भागात हिवाळा काढणार असाल तर हे औषध समजा.

सप्टेंबरमध्ये आल्या आल्याच लाव्हो भागातल्या द्राक्षमळ्यांतून फिरलो होतो, ते सांगायचं राहिलं. 2007 पासून जागतिक वारसा आहे, मळे तळ्याकडे पायऱ्यांसारखे उतरतात. इथले लोक सांगतात की या द्राक्षांना तीन सूर्य मिळतात, एक आकाशातला, एक तळ्यावरून परतणारा आणि एक दगडी भिंतींत साठलेला. बाबांची द्राक्षबाग आहे म्हणून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. मजूर क्रेट एका बारक्या मोनोरेलवर ठेवून चढावर पाठवत होते, एकच रूळ, जेमतेम माणूस बसेल एवढं इंजिन. बाबांनी मला तोच रूळ चार वेळा जवळून दाखवायला लावला, आणि मग वेल इतके बुटके का म्हणून विचारत बसले.

आता परत त्या गुरुवारकडे. इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला, इथे त्याला रेजी म्हणतात, मी लगेच फोन केला, ईमेल केला, फोटो पाठवले. मेकॅनिक सहा दिवसांनी आला. सहा दिवस कपडे आत कुजले, दार उघडल्यावर जो वास आला तो सांगण्यासारखा नाही, दोन शर्ट टाकावे लागले. आणि वर आठवड्याने पत्र, की मशीनमध्ये जास्त कपडे भरल्यामुळे बिघाड झाला, दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडून घेण्यात येईल. रक्कम बघून माझे हातपाय गार पडले. मी दर वेळी तीन चतुर्थांशच भरते, मादामनीच शिकवलंय.

मादाम ते पत्र वाचून इतक्या चिडल्या की त्यांनी कपाटातून फाइलच काढली. त्याच मशीनच्या दाराबद्दल त्यांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी लेखी तक्रार केली होती, रेजीच्या उत्तरासकट कागद होते. ते घेऊन मी आस्लोकाकडे गेले, ही भाडेकरूंची संघटना, सदस्य झालं की सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, फोन बंद, ईमेल बंद, सगळं रजिस्टर पत्राने पाठवा, झीज होऊन बिघडलेल्या मशीनचा खर्च भाडेकरूवर घालता येत नाही. पत्र लिहून दिलं, मी सही करून पोस्टात टाकलं. बारा दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं, मागणी मागे घेतली. माफी नाही, शर्टांबद्दल एक अक्षर नाही. ते मला अजून खटकतंय. बारा घरांचं भाडं दर महिन्याला वेळेवर घेता, मग एका मशीनला सहा दिवस का लागावेत?

इथे वर्षभरासाठी येणार असाल तर जाहिरातीत 'कोलोन द लाव्हाज' आहे का बघा, म्हणजे घरातच मशीन आणि ड्रायर एकावर एक. भाडं थोडं जास्त पडलं तरी घ्या. नसेल तर फ्लॅट बघतानाच तळघरात जा, तक्त्यावर किती घरं आहेत मोजा, हवेतला दमटपणा ओढणारं मशीन चालतंय का विचारा, आणि घर ताब्यात घेताना जी यादी करतात तिच्यासोबत धुण्याच्या खोलीचेही फोटो काढून ठेवा. तळ्याला पाचपैकी पाच, ट्रेनला पाच, पाळीच्या पद्धतीला आता साडेतीन, रेजीला शून्य.

सोमवारी नवीन मशीन आलं. किल्ली सध्या चौथ्या मजल्यावर आहे, बुधवारी संध्याकाळी मी आणायला जाणार आहे आणि या वेळी मादामच्या पडद्यांचं गाठोडंही घेऊन उतरणार आहे, त्यांच्याने आता ते जिन्यातून नेववत नाही.