बेळगावच्या टिळकवाडीतली ‘लॉगवरून खडक’ कार्यशाळा: शनिवार वाया, रविवार वसूल

मी खानापूरचा. मुंबई हायच्या रिगवर मडलॉगर होतो. चाळणीवरची कटिंग्ज, म्हणजे विहीर खोदताना वर येणारा खडकाचा चुरा, धुवायची, मायक्रोस्कोपखाली बघायची आणि खडक लिहायचा, यावरच पोट चाललं. त्यामुळे ‘मशीन लर्निंगने तेलविहिरीतला खडक ओळखा’ असा बोर्ड दिसल्यावर राहवलं नाही. दोन दिवस, फी अडीच हजार, जेवण धरून.

शनिवारी पायथनची बाराखडी. येत असेल तर घरी झोपा.

रविवारी खरा माल निघाला. डेटा अमेरिकेतल्या कॅन्ससच्या ह्यूगोटन-पॅनोमा गॅस क्षेत्राचा, एसईजी या भूभौतिकतज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१६ च्या स्पर्धेतला. विहिरीत यंत्र सोडून दर अर्ध्या फुटाला घेतलेली मापं, म्हणजेच लॉग: गॅमा रे (नैसर्गिक किरणोत्सर्ग), रेझिस्टिव्हिटी (वीजरोध), न्यूट्रॉन-डेन्सिटी (सच्छिद्रतेसाठी), पीई (खनिजागणिक बदलणारा आकडा). समोर कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा अख्खा दांडा, बघून ठरवलेला खडक. प्रकार नऊ. सरांनी सगळ्या विहिरींच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसल्या, थोड्या परीक्षेला ठेवल्या. गुण झकास! मी म्हटलं, “सर, २८०० फुटांची ओळ शिकायला आणि तिच्या अर्धा फूट खालची परीक्षेला? पेपर फुटलाय की हो! अख्खी एक विहीर बाजूला काढा बघू.” माणूस तरुण, पण मानी नाही. लगेच केलं. गुण धाडकन निम्म्याच्या आसपास. वर्ग गप्प. मग सांगितलं, त्या स्पर्धेत न पाहिलेल्या विहिरींवर पहिल्या नंबरालाही ०.६४ च्या आसपासच एफ-वन (अचूकतेचा गुण, पैकीच्या पैकी म्हणजे १) मिळाला होता.

एक मात्र खटकलं. काही विहिरींत पीई नोंदलेलाच नाही, तिथं सरांनी सरासरी भरली. क्वार्ट्झचा पीई १.८, डोलोमाइटचा ३.१, कॅल्साइटचा ५.१. मधला आकडा ठोकून दिला तर वालुकाश्म काय नि चुनखडक काय, मशीनला सगळं एकच. त्यापेक्षा त्या विहिरींसाठी पीईशिवायचं वेगळं मॉडेल करा. वॅकस्टोन आणि पॅकस्टोन या चुनखडकाच्या दोन जवळच्या प्रकारांची गल्लत होते, तिला मात्र मी माफ करतो. त्यावर आम्हीही रिगवर भांडायचो.

अथणीकडचे एक बोअरवाले आले होते. त्यांनी विचारलं, “ह्यानं आमच्या बोअरचं पाणी कळतंय काय?” सर म्हणाले, “डेटा असेल तर का नाही.” गुळमुळीत उत्तर. आपल्याकडे वर काळा बेसाल्ट, गोकाककडे क्वार्टझाइट. या मॉडेलनं बेसाल्ट जन्मात पाहिलेला नाही, तरी ‘माहीत नाही’ म्हणणार नाही. नवातलं एक नाव बेधडक चिकटवेल. शिवाय आपल्या बोअरमध्ये लॉगिंग कोण करतंय? जेवताना त्या बोअरवाल्या अण्णांना हे समजावलं. फी गेल्याचं दुःख त्यांना झालंच.

पुढच्या बॅचला नॉर्वेच्या ‘फोर्स २०२०’ या अशाच स्पर्धेचा डेटा घेणार म्हणे: शिकायला ९८ विहिरी, आणि चुकीचा दंड सारखा नाही, कुठल्या खडकाला कुठला म्हटलं त्यावर कमी-जास्त. तसं झालं तर फक्त रविवारची निम्मी फी विचारून बघणार. पाचपैकी साडेतीन. जेवणातली भाजी तिखट, पण बरी.