टॅटिंगवाल्यांनो, क्लोव्हरचं टोकवालं शटल घ्यावं का? घ्याच!

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या टॅटिंगच्या, म्हणजे गाठी मारून हातानं लेस करायच्या ग्रुपमध्ये नवीन कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला, काकू शटल (दोरा गुंडाळायची दोन पात्यांची होडीसारखी छोटी वस्तू) कुठलं घेऊ? तर दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. मी क्लोव्हरचं प्लास्टिकचं शटल वापरते, ओसाकाची जपानी कंपनी आहे, सुयाबिया आणि विणकामाचं सामान बनवतात. त्याच्याआधी साधं स्टीलचं होतं. किंमत बघून बऱ्याच जणी मागे हटतात, बाहेरून येणारा माल आहे त्यामुळे साध्या शटलच्या कितीतरी पट पैसे पडतात हे खरंय, पण ज्यांना टॅटिंग मनापासून आवडतं आणि रोज थोडं थोडं करतात त्यांनी एवढा खर्च करावाच असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याचं टोक. एका बाजूला बारीक टोक काढलेलं आहे, आणि रिंगला रिंग (गाठींची गोल कडी) जोडताना, म्हणजे जॉइन करताना, आधीच्या रिंगच्या पिकोतून (दोन टाक्यांमध्ये सोडलेला छोटा फास) दोरा वर ओढायचा असतो ना, तो याच टोकानं ओढला जातो, हातातलं शटल खाली ठेवा, क्रोशाची सुई शोधा, मग परत शटल उचला, ही सगळी उठाठेव वाचते. ज्यांनी मोठा रुमाल केलाय त्यांना विचारा, एका फुलात चार-सहा जॉइन आणि फुलं पन्नास, सुई उचलाठेव करण्यातच अर्धी दुपार जाते. पूर्वी तर हे जॉइन प्रकरणच नव्हतं, सुट्या सुट्या रिंगा करायच्या आणि मग सुईदोऱ्यानं एकमेकींना टाचायच्या, पिकोतून दोरा ओढून जोडायची पद्धत इंग्रजी पुस्तकांतून आली ती १८५० च्या आसपास. त्यानंतरच टॅटिंगचे एवढे मोठे गोल रुमाल, कॉलर वगैरे सुटसुटीत करता यायला लागले. म्हणजे जॉइन हा या कामाचा जीव आहे आणि हे टोक बरोबर तिथेच कामाला येतं. चुकीची गाठ सोडवायलाही तेच टोक, घट्ट बसलेला टाका हळूच उकलता येतो, टाचणी घ्यावी लागत नाही.

दुसरं, दोन्ही पाती टोकाशी अगदी मिटलेली आहेत. दोरा बाहेर काढताना टक् टक् आवाज येतो आणि तेवढाच येतो जेवढा आपण ओढू. शटल हातातून सुटलं तरी लोंबकळत राहतं, भसाभस उलगडत जमिनीवर जात नाही. ही पाती एकदा का फाकली की शटलचं काम संपलं, म्हणून दोरा भरताना जीव जाईपर्यंत भरू नका. मधल्या खांबाला भोक आहे त्यातून दोरा ओवून गाठ मारायची आणि पात्यांच्या कडेपर्यंतच गुंडाळायचा, कडेच्या बाहेर दोरा दिसला की थांबायचं. आमच्या एक मावशी म्हणतात परत परत भरायचा कंटाळा येतो म्हणून मी ठासून भरते, मावशी नका हो, शटल वर्षानुवर्षं टिकतं पण असं केलं तर नाही टिकणार.

तिसरं गुळगुळीतपणा. टाका घालताना दोरा शटल आणि बोटाच्या मधून सरकतो, एकदा वरून एकदा खालून, दोन अर्ध्या गाठी मिळून एक डबल स्टिच. कडेला जराशी जरी खरखर राहिली असेल तर दोरा तिथेच अडकतो आणि तंतू निघतात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आमच्यातल्या एकीनं स्वस्तातलं पाकीट मागवलं, रंग अगदी छान, पण प्रत्येकाच्या कडेला साच्याची रेघ उठलेली, बोटालासुद्धा टोचत होती. तसं तुमच्याकडे आलं असेल तर नखं घासायच्या फाइलनं कडा हलक्या हातानं घासून घ्या, बऱ्यापैकी सुधारतं.

हे शटल कोणासाठी नाही तेही सांगते. दहा नंबरचा जाड दोरा वापरणार असाल तर यात फार थोडा मावतो, सारखं भरत बसावं लागेल, आणि बारीक टोकानं जाड दोरा ओढणंही सोपं नाही, त्याला आकडेवालं, म्हणजे टोकाला क्रोशाच्या सुईसारखा आकडा असलेलं मोठं शटल बरं. ज्यांना रीळ काढून परत घालायची सवय आहे त्यांनाही आवडणार नाही कारण यातली रीळ निघत नाही, हातानंच गुंडाळायचं.

आता बडोद्यात मिळतं का? मंगळ बाजारात जाऊन लेस मागा, काउंटरवर मीटरनं विकायची मशीनची लेस, गोटा, आरसेवाली पट्टी, नवरात्रीच्या चणियाचोळीचं सगळं ढीगभर ओतून दाखवतील. टॅटिंगचं शटल म्हटलं की, "बेन, ए तो नथी राखता." लहरीपुऱ्याच्या आत जुन्या दोऱ्याच्या दुकानात साधी शटलं कधीमधी मिळतात, टोकवालं मात्र ऑनलाइनच मागवावं लागतं. मला याचं फार वाईट वाटतं खरं सांगते. ज्या गावात चिमणाबाई महाराणींनी १९१४ साली बायकांसाठी स्त्री उद्योगालय काढलं त्या गावात हातकामाची एवढीशी वस्तू दुकानात नाही. तुम्ही पण जाल तेव्हा प्रत्येक दुकानात विचारा, चार जणींनी विचारलं की दुकानदार आपोआप ठेवायला लागतो, ४० नंबरच्या दोऱ्याचं तसंच झालं.

दोऱ्याचं निघालंच आहे तर, शटल कितीही भारी असू दे, दोरा साधा असला तर रिंग बंदच होत नाही, मध्येच अडकते आणि ओढता ओढता तुटते. मर्सराइज्ड कॉटनच घ्या. यात सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं असतं, त्यानं चमक येते, मजबुती वाढते, आणि वरचे तंतूही जाळून काढलेले असतात त्यामुळे गाठ सरसर सरकते. अँकरचा क्रोशाचा दोरा इथे सहज मिळतो, मी नव्या मुलींना २० नंबर देते, हात बसला की ४०. आकडा वाढला की दोरा बारीक होतो हे दुकानातली मुलंसुद्धा उलट सांगतात तेव्हा स्वतः हातात घेऊन बघा. आणि शिकताना शटलवर एक रंग आणि बोटावर दुसरा रंग घ्या, गाठ बोटावरच्या दोऱ्याच्या रंगाची दिसली पाहिजे, शटलच्या रंगाची दिसली तर ती शटलच्या दोऱ्यावरून बोटावरच्या दोऱ्यावर उलटलेलीच नाही आणि रिंग काही केल्या ओढली जाणार नाही. पुस्तकातली चित्रं बघून जे डोक्यात शिरत नाही ते या दोन रंगांनी लगेच शिरतं.

काम करता करता दोऱ्याला पीळ चढतो, गुंता व्हायला लागतो, तेव्हा शटल तसंच खाली सोडून द्या, भोवऱ्यासारखं फिरून स्वतःच पीळ काढतं. पिको सगळे एकसारखे यायला हवेत तर जुन्या प्लास्टिकच्या कार्डाची पट्टी कापून मध्ये धरा. टोकं लपवायला शेवटच्या तीनचार टाक्यांत शिवणाच्या दोऱ्याचा एक फास धरून ठेवायचा, रिंग बंद झाली की त्या फासात टोक अडकवून ओढून घ्यायचं, बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.

भेट द्यायला या कामासारखं दुसरं काही नाही असं मी अगदी मनापासून म्हणते. संक्रांतीला हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा टॅटिंगचा बुकमार्क द्या, बायका जपून ठेवतात. राखीला मधोमध एक फूल आणि दोन बाजूंना साखळी, सासरी गेलेल्या मुली भावाला पाकिटातून पाठवतात, वजन काही नाही आणि मोडतही नाही. रुखवतात आता तयार वस्तूच जास्त असतात पण ताटावरचा एक हातचा रुमाल ठेवा, सगळ्या आज्या बरोबर त्याच्यासमोर थांबतात आणि उलटा करून मागची बाजू बघतात. बाळंतविड्यात टोपड्याला आणि झबल्याच्या गळ्याला लेस लावणार असाल तर पिको एकदम छोटे ठेवा किंवा ठेवूच नका, लांब पिकोत बाळाची बोटं अडकतात, आणि मणी तर बाळाच्या कपड्याला अजिबात नको.

तयार झालेलं काम ओलं करून थर्माकोलवर टाचण्या लावून ताणून वाळवायचं, कडक हवं असेल तर साबुदाण्याची पातळ खळ. टाचण्या स्टेनलेसच घ्या. इथल्या पावसाळ्यात साध्या टाचण्यांना रात्रीतून गंज धरतो आणि पांढऱ्या लेसवर तो डाग पडला की जात नाही. मे महिन्यात हाताला घाम येतो त्याला पावडर लावू नका, दोऱ्यावर राप चढतो, मांडीवर सुती नॅपकिन ठेवा आणि हात पुसत राहा.

आम्ही शनिवारी दुपारी बसतो, कोणी लिलो चिवडा आणतं कोणी सेवउसळ, खाणं आधी आणि हात धुऊन मग शटल हा नियम आहे. माझी दोन्ही शटलं तिथे ठेवलेली असतात, विकत घ्यायच्या आधी हातात धरून चारपाच रिंगा करून बघायच्या असतील तर खुशाल या. आणि दहा नंबरच्या दोऱ्यासाठी आकडेवालं चांगलं मोठं शटल कोणी वापरत असेल तर कुठलं ते खाली नक्की लिहा, आमच्या एका काकूंना डोळ्यांमुळे आता बारीक दोरा जमत नाही, त्यांच्यासाठी हवंय.