डांडिया बाजारातील जीवशास्त्राचा हिवाळी वर्ग: एका पालकाचा अभिप्राय

बडोद्याच्या डांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हिवाळ्यात दर रविवारी जीवशास्त्राचा जो वर्ग भरतो, त्याविषयी पालक म्हणून माझे मत सविस्तर नोंदवावेसे वाटते. परीक्षेतील गुण वाढावेत या अपेक्षेने मुलांना येथे पाठवणाऱ्यांची निराशा होईल. सजीवांविषयी प्रश्न कसा विचारावा आणि हाती आलेल्या उत्तरावर विश्वास केव्हा ठेवावा, एवढेच येथे शिकवले जाते.

या वर्गाचा सर्वांत भक्कम भाग म्हणजे दह्याचा प्रयोग. थंडीत दही उशिरा का लागते, हा घरोघरी विचारला जाणारा प्रश्न बाईंनी मुलांसमोर ठेवला आणि उत्तराची चाहूलही न देता प्रत्येकाकडून आपापले गृहीतक आधी वहीत शाईने लिहून घेतले. एकाच पातेल्यातील तापवून कोमट केलेले दूध, सारख्या वाट्या आणि मोजून घातलेले विरजण. फरक ठेवला तो केवळ जागेचा. एक वाटी दुलईत गुंडाळलेल्या डब्यात, दुसरी ओट्यावर आणि तिसरी फ्रिजमध्ये गेली. याखेरीज उबेतच ठेवलेल्या आणखी दोन वाट्या होत्या, त्यांपैकी एकीत विरजण घातलेच नाही आणि दुसरीत ते आधी उकळून, निववून घातले. दुलईतील दही सर्वांत आधी लागले, तर विरजणाविना ठेवलेल्या आणि उकळलेले विरजण घातलेल्या वाट्यांतील दूध तोवर तसेच होते. तेव्हा केवळ उबेने दही होत नाही आणि विरजणात काहीतरी जिवंत असावे, असे मुलांनी ठरवले.

त्यावर एका मुलीने हरकत घेतली, की उकळल्याने निर्जीव पदार्थही बदलतात, मग विरजणातले जे नष्ट झाले ते जिवंतच होते कशावरून? ही हरकत बाईंनी फळ्यावर लिहिली आणि पुढची तासिका तिलाच दिली, हे मला फार मोलाचे वाटते. नव्या दह्यातील चमचाभर घेऊन पुन्हा दूध विरजायचे, त्यातून पुन्हा चमचाभर घ्यायचे, अशी साखळी मुलांनी घरी चालवली. कारण गुण एखाद्या निर्जीव पदार्थाचा असता तर तो प्रत्येक वेळी विरळ होत अखेर संपला असता. दही मात्र लागतच राहिले, म्हणजे त्यातील घटक वाढत होता. विरजणातील जिवाणू दुधातील शर्करेचे लॅक्टिक आम्ल बनवतात, त्या आम्लाने केसीन हे प्रथिन साकळते, आणि हे आंबवण सजीवांमुळे होते असे लुई पाश्चर यांनी 1857 मध्ये मांडले, ही माहिती त्यानंतर आली. तोवर मुले तिच्या दाराशी स्वतःच पोहोचली होती.

विश्वामित्रीच्या पुलावरून मगरी पाहण्याचा रविवारही असाच विचारपूर्वक योजलेला होता. काठावर ऊन खात जबडा उघडून पडलेल्या मगरीविषयी बहुतेकांनी ‘ती चिडली आहे’ किंवा ‘ती भुकेली आहे’ असे लिहिले. त्यातील डोळ्यांनी दिसलेले किती आणि मनाने जोडलेले किती, हे बाईंनी दोन रकान्यांत वेगळे करायला लावले. मगर शरीराचे तापमान राखण्यासाठी बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते. तेव्हा जबडा उघडण्याचा संबंध उन्हाशी आहे की नाही, हे तपासण्यासाठी गार सकाळच्या आणि तापलेल्या दुपारच्या नोंदी तुलनेला हव्यात, इथपर्यंत मुलांनी विचार नेला.

कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी आयोडीन लावून दाखवल्या, पण सूक्ष्मदर्शक अपुरे असल्याने मुलांचा बराच वेळ रांगेत गेला.

माझा गंभीर आक्षेप छापील टिपणांवर आहे. गृहीतक सिद्ध झाले की त्याचा सिद्धांत होतो आणि सिद्धांत पक्का झाला की त्याचा नियम होतो, असे त्यांत लिहिले आहे, आणि ते चूक आहे. नियम काय घडते ते सांगतो, तर सिद्धांत ते का घडते याचा अनेक पुराव्यांनी तोललेला खुलासा करतो; एकाची बढती होऊन दुसरा बनत नाही. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात, हा श्लायडेन आणि श्वान या शास्त्रज्ञांनी 1838-39 मध्ये मांडलेला आणि पुढे फिर्खो यांनी ‘पेशीपासूनच पेशी’ या विधानाने पूर्ण केलेला पेशी सिद्धांत आजही सिद्धांतच म्हणवला जातो, आणि त्यात काही उणेपणा नाही. ज्या वर्गात हरकतीला एवढा मान मिळतो, त्याच्या टिपणात ही चूक राहू नये.

सयाजीबागेतील संग्रहालयाच्या भेटीतही मोठी संधी हातची गेली. तेथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. देवमाशाच्या पुढच्या परांत माणसाच्या हातासारखीच दंडाची, मनगटाची आणि बोटांची हाडे असतात. पोहणाऱ्या प्राण्याला बोटांची हाडे कशासाठी, या एका प्रश्नातून उत्क्रांतीचा विषय उघडता आला असता. मुलांना मात्र लांबी आणि वजन सांगून पुढच्या दालनात नेण्यात आले. उत्क्रांतीवाचून जीवशास्त्राची ओळख अपुरी राहते, म्हणून पुढील वर्षी ही भेट पूर्ण रविवारची असावी, असे मी संचालकांना लेखी कळवले आहे.

इतके असूनही चौकस मुलाला येथे अवश्य पाठवावे, असेच मी म्हणेन. वर्ग मराठीतून चालतो, आणि गुजराती माध्यमातील मुलांसाठी शास्त्रीय संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहिल्या जातात. प्रवेश दिवाळीनंतर लगेच घ्यावा, कारण दही आणि मगरी हे दोन्ही रविवार कडाक्याच्या थंडीतच घेतले जातात आणि उशिरा येणाऱ्यांसाठी ते पुन्हा होत नाहीत.